करंट कुठवर आला?

जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की बॉनेटभोवती जमणाऱ्या माणसांत एक जण कार्बोरेटरवाला असतो आणि एक प्लगवाला. पहिला म्हणतो, कचरा आलाय, जेट काढून फुंका. दुसरा म्हणतो, प्लग घासा. अर्ध्या तासाने रस्त्याच्या कडेला फडक्यावर दहा-बारा सुटे भाग मांडलेले असतात, त्यातला एक स्प्रिंग गवतात उडालेला असतो आणि गाडी होती तिथेच असते. पाना हातात घेण्याआधी विचारायचा प्रश्न एकच असतो, तो कोणी विचारलेला नसतो: करंट कुठवर आला?

लिंबागणेशसारख्या गावात हा प्रश्न स्वतःलाच विचारता यावा लागतो. बीडहून सोलापूरच्या रस्त्याने मांजरसुंब्याचा घाट चढायचा, वर पाटोद्याकडे वळायचं, की बालाघाटाच्या माथ्यावर हे भालचंद्र गणपतीचं गाव लागतं. चतुर्थीला इथे गाड्यांची रीघ असते, पण त्यात पॉइंट-कंडेन्सरवर चालणारी गाडी क्वचितच. गॅरेजं रस्त्याला आहेत आणि मिस्त्रीही तयार आहेत, पण त्यांचा हात बसलाय तो डिझेलवर. ट्रॅक्टर, टेम्पो, काळी-पिवळी जीप, सगळं डिझेल. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. हवा दाबून इतकी तापवतात की डिझेल फवारताच पेटतं. त्यामुळे पंप-नोझल डोळे मिटून खोलणारा माणूस फियाटच्या डिस्ट्रिब्युटरसमोर जरा थबकतो. अशा वेळी चारचाकीच्या गॅरेजपेक्षा जुना बुलेटवाला मिस्त्री गाठावा. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. फियाटला सिलिंडर चार, एवढाच फरक.

आपल्याकडे ही विद्या मुख्यतः तीन गाड्यांसाठी लागते. एक, वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट. तीच पुढे पद्मिनी झाली. दुसरी ॲम्बेसेडर. तिसरी विलीजच्या घराण्यातली महिंद्रची पेट्रोल जीप. पद्मिनीचं उत्पादन २००० सालाच्या आसपास थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिन्या मात्र अजून आहेत, कुणाच्या वाड्यात, कुणाच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्या परत चालू करायला घेतल्या की पहिली गाठ पडते ती वायरिंगशी.

या तिन्ही गाड्यांची इग्निशनची रचना एकाच कुळातली. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बसवलेली पद्धत जगाने पुढची साठ-सत्तर वर्षं जवळजवळ तशीच वापरली. बॅटरीचा करंट चावीच्या स्विचमधून कॉइलमध्ये जातो, कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर येतो आणि पॉइंट मिटलेले असले की बॉडीत उतरून बॅटरीकडे परत जातो. १२ व्होल्ट, कॉइलच्या जाड वेटोळ्याचा रोध साधारण ३ ओहम, म्हणजे करंट ४ अँपिअर. तेवढ्याने कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. कॅमने पॉइंट उघडले की करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं, आणि त्या कोसळण्यातून बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्ट उठतात. हा दाब जाड वायरने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या मधोमध येतो, तिथून आत फिरणाऱ्या रोटरवर, रोटरवरून ज्याची पाळी आहे त्या प्लगवर. ठिणगी पडते ती करंट तुटण्याच्या क्षणी, सुरू होण्याच्या नव्हे. हे पक्कं डोक्यात बसलं की निम्मे दोष आपोआप उमगतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरच्या गाडीत हे तुटणं-जुळणं सेकंदाला शंभर वेळा होतं.

आता तपासणी. त्यासाठी लागणारं हत्यार गावात कुठेही बनवता येतं: नंबर प्लेटच्या दिव्याचा ५ वॉटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एका वायरीला चिमटा, दुसरीला टोकदार सळई. याला टेस्ट लॅम्प म्हणतात. मल्टिमीटर घरात असला तरी सुरुवात लॅम्पनेच करावी, असं माझं ठाम मत आहे. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरीच्या चाळीस तारांपैकी एकोणचाळीस तुटलेल्या असल्या तरी उरलेल्या एका तारेवरून तो ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब करंट मागतो, आणि मागितल्यावर अशक्त जोड लगेच उघडा पडतो. जास्तच संशय असेल तर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो आणि जोडाची कसून परीक्षा घेतो.

एक सावधगिरी. बऱ्याच जुन्या गाड्यांत इग्निशनच्या वाटेत फ्यूजच नसतो. सळईने चुकून स्विचमागची वायर आणि डॅशबोर्डचा पत्रा एकत्र जोडला गेला, तर काही वितळायचं असेल ते वायरिंगच वितळेल. सळईचं फक्त टोक उघडं ठेवून बाकीच्या भागावर टेप गुंडाळावी.

चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावायचा (बॉडीला नाही, त्याचं कारण पुढे येईल) आणि बॅटरीपासून निघायचं. पॉझिटिव्ह खांबाच्या शिशावर सळई टेकवली, बल्ब लागला. त्याच खांबावरच्या क्लॅम्पवर टेकवली, लागला? पुष्कळदा शोध इथेच संपतो. खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये काळपट थर धरतो, वरून दिसत नाही. ओळखायची एक युक्ती: हेडलाइट लावून सेल्फ मारायचा. दिवे हळूहळू मंद झाले तर बॅटरी उतरलेली. फट्‌कन विझले तर जोड खराब. क्लॅम्प काढून चाकूने आतून खरवडला, खांब पॉलिश पेपरने घासला की काम होतं, आणि नव्या बॅटरीचे पैसे वाचतात.

पुढे स्विचकडे येणारी वायर, मग चावी फिरवून स्विचमधून निघणारी वायर, मग कॉइलची करंट घेणारी पट्टी. ॲम्बेसेडरमध्ये ल्युकासच्या रंगांची रीत असल्याने काम सोपं जातं: बॅटरीचा थेट करंट तपकिरी वायरीत, चावीनंतरचा पांढऱ्या, कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी पांढरी-काळी, अर्थ काळी. अर्थात हे कारखान्यातून निघालेल्या गाडीबद्दल. मधल्या चाळीस वर्षांत ज्याच्या हाताला जी वायर लागली ती त्याने जोडलेली असते. घरातल्या लाइट फिटिंगची एकेरी तांब्याची तार तर हमखास सापडते. भिंतीत ती वर्षानुवर्षं टिकते, पण गाडीत इंजिनाच्या थरथरीने आतल्या आत मोडते आणि वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं. गाडीला बारीक तारांच्या पिळाचीच वायर घालावी.

खरी गंमत कॉइलच्या दुसऱ्या पट्टीवर आहे, जिथून वायर पॉइंटकडे जाते. जुन्या ल्युकास कॉइलवर या दोन पट्ट्यांना एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असतात. आपल्याला सीबी हवी. सळई तिथे टेकवून ठेवायची, चावी चालू ठेवायची आणि दुसऱ्याला हँडलने किंवा पंख्याचा पट्टा ओढून इंजिन सावकाश फिरवायला सांगायचं. पॉइंट उघडले की बल्ब लागला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. लागला-विझला, लागला-विझला असं होत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतची सगळी वाट ठीक आहे. दोष पुढच्या, मोठ्या व्होल्टच्या बाजूला, नाहीतर कंडेन्सरमध्ये. बल्ब कधीच विझत नसेल तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटूनही जुळत नाहीत, किंवा डिस्ट्रिब्युटरचा अर्थ गेलाय. बल्ब कधीच लागत नसेल आणि एसडब्ल्यूवर मात्र लागत असेल, तर कॉइलचं आतलं वेटोळं तुटलंय, नाहीतर पुढे कुठेतरी वायर बॉडीला चिकटलीय. सीबीवरची वायर काढून पाहायची: आता मोकळ्या पट्टीवर बल्ब लागला, तर कॉइल निर्दोष. चोर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला आहे, आणि तो बहुधा कंडेन्सर असतो.

जीपवाल्यांना बल्बचीही गरज नाही, त्यांच्या डॅशबोर्डवर अँपिअर मीटर आहे. चावी चालू करून इंजिन सावकाश फिरवलं की त्याची सुई शून्य आणि उणे तीन-चार यांच्यात हलते. सुई हललीच नाही तर वाट कुठेतरी तुटलेली. एकाच जागी खाली बसून राहिली तर पॉइंट उघडतच नाहीत.

पॉइंटवर चष्मा लावून नजर टाकावी. दोन्ही बटणं करडी आणि सपाट असतील तर तब्येत चांगली. एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेकडी असेल तर कंडेन्सरबद्दल शंका घ्यावी. निळसर काळी जळकी असतील तर वाटेत ग्रीस गेलंय किंवा करंट फार वाहतोय. नवीन पॉइंट बसवल्यावर गाडी चालू होत नाही अशी तक्रार नेहमीची. त्यावर गंज लागू नये म्हणून लावलेला तेलाचा पातळ थर असतो, तो कोणी पुसत नाही. पेट्रोलमध्ये बुडवलेला कोऱ्या कार्डाचा तुकडा पॉइंटमध्ये धरून ओढला की झालं. गॅप कॅमच्या उंचवट्यावर पॉइंटची टाच चढलेली असताना बघायचा, साधारण ०.४ मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्यावा. टाच झिजत जाते, गॅप कमी होतो, ठिणगी उशिरा पडू लागते, आणि मालक म्हणतो की गाडी घाटात ओढत नाही.

कंडेन्सर हा बोटाच्या पेरापेक्षा लहान डबा, सुमारे पाव मायक्रोफॅरडचा. पॉइंट उघडताना करंटला थांबायचं नसतं. तो फटीतून ज्योतीसारखा चालू राहायला बघतो. तसा राहिला तर क्षेत्र हळूहळू ओसरतं आणि दाब उठतच नाही. कंडेन्सर त्या क्षणापुरता करंट पोटात घेतो आणि तोडणं कडक होतं. तो आतून शॉर्ट झाला की ठिणगी शून्य; कमजोर झाला की ठिणगी पिवळी, बारीक, आणि सायलेन्सरमधून फटाके. तपासायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दुसरा चालू कंडेन्सर बाहेरूनच टांगणे, वायर सीबीवर आणि डबा बॉडीला. जुना शॉर्ट असेल तर त्याची वायर आधी सोडवावी. बाहेर टांगलेल्या कंडेन्सरवर लोक महिनोन्‌महिने गाड्या चालवतात, आणि त्यात काही गैर नाही. उलट तिथे तो इंजिनाच्या उष्णतेपासून लांब राहतो. नव्या पुडीतला आहे म्हणून तो चांगलाच असणार, यावर मात्र विश्वास ठेवू नये. आजकाल बाजारात मिळणारे कंडेन्सर आणि रोटर पाहता, पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाडीतून काढलेला अस्सल भाग मिळाला तर मी तो आधी घेईन.

आता तो राहिलेला अर्थ. जितका करंट वायरीने येतो तितकाच बॉडीतून परत जायला हवा, आणि वायरिंगचं काम करणारे हा परतीचा निम्मा रस्ता विसरतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या तारांचा पट्टा असतो. इंजिन उतरवलं, चढवलं, पट्टा लावायचा राहिला. मग सेल्फ मारल्यावर शेकडो अँपिअर करंट परत जायला वाट शोधतो आणि चोकच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. चोकची मूठ हाताला गरम लागत असेल, केबलचं आवरण धुरकट वितळलं असेल, तर कार्बोरेटरला हात न लावता तो पट्टा शोधावा. चिमटा बॉडीला न लावता बॅटरीच्या निगेटिव्हला लावायला सांगितलं ते याचसाठी: बॉडीचाच अर्थ खराब असेल तर पहिल्या टप्प्यापासून सगळी उत्तरं चुकीची येतात. मीटर असेल तर एक काळी सुई निगेटिव्ह खांबाच्या शिशावर आणि लाल सुई इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर परतीची वाट साफ करायला घ्यावी.

मोठ्या व्होल्टच्या बाजूला बल्ब चालत नाही. तिथे कॉइलमधून कॅपकडे येणारी जाड वायर कॅपमधून उपसायची, इन्सुलेशनच्या पकडीने तिचं टोक इंजिनापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायचं आणि सेल्फ मारायचा. निळी-पांढरी, टच्‌टच्‌ आवाज करणारी ठिणगी हवी. पेट्रोल सांडलेलं नसावं, आणि ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्याने लांब उभं राहावं. इथे ठिणगी जोरदार आहे आणि प्लगवर नाही, तर मधले तिघे संशयित: कॅप, रोटर, प्लगच्या वायरी. कॅपच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंटने तिथून चोरवाट पाडली आहे. ती खरवडून तात्पुरतं भागतं, पण कॅप बदलावीच लागते. रोटर तपासायला कॅप उघडून तीच जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीजवळ धरायची आणि पॉइंट बोटाने नव्हे तर लाकडी काडीने उघडायचे-मिटायचे. पट्टीवर ठिणग्या उडत राहिल्या तर रोटर फुटलाय. करंट त्याच्या पोटातून खालच्या शाफ्टमध्ये उतरतोय. चांगल्या रोटरवर असं होत नाही. वायरींसाठी रात्रीची वेळ उत्तम. अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं की गळक्या वायरीवर निळसर चमक फिरताना दिसते. मुंबईच्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या तेव्हा अशा म्हाताऱ्या वायरींची लक्तरं बाहेर आली, कारण गॅसमध्ये ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त दाब लागतो. वायरी परत लावताना क्रम १-३-४-२. फियाट, ॲम्बेसेडर आणि जीप, तिन्हींचा तोच.

सगळ्यात छळतो तो येऊन-जाऊन असणारा दोष. मे महिन्यात मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडी बंद पडते, लोक पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकतात, पंधरा मिनिटांनी ती चालू होते आणि सगळे म्हणतात, पेट्रोलची वाफ झाली होती. झालीही असेल. पण तापलेल्या कॉइलचं इन्सुलेशनही असंच दगा देतं आणि थंड झाल्यावर निर्दोष असल्याचा आव आणतं. फरक कळायला बंद पडल्या क्षणीच ठिणगी बघावी लागते. थंड झाल्यावर पुरावा जातो. कॉइल विनाकारण तापवण्याचा रिवाजही आहे: इंजिन बंद, चावी चालू, गाणी चालू, आणि पॉइंट नेमके मिटलेले. मग १२ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर, म्हणजे ४८ वॉट उष्णता त्या डब्यात कोंडली जाते.

दुसरा छुपा रुस्तम डिस्ट्रिब्युटरच्या आतली ती दीड इंची मऊ वायर, जी हलत्या पॉइंटकडे जाते. व्हॅक्यूमवाल्या डिस्ट्रिब्युटरात पॉइंटची पाटी पुढे-मागे फिरते आणि ही वायर दर वेळी वाकते. आतली तार तुटते, बाहेरचं कापड तसंच. उभ्या गाडीत इंजिन छान चालतं, ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग. मिस्त्री कार्बोरेटरकडे बघतो. ही वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढावी. रबरासारखी ताणली गेली तर आत काही उरलेलं नाही. शेडमध्ये वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीत याच्या जोडीला उंदीर असतात. ते वायरिंगच्या जुडग्याच्या खालच्या अंगाने कुरतडतात, वरून टेप शाबूत दिसते. आरशाचा तुकडा खाली धरून बघावं.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून टाका, पॉइंटची कटकटच नको, असा सल्ला शहरातून मिळतो. रोज गाडी वापरणाऱ्याने जरूर बसवावं. पण त्याला कोणत्या रोधाची कॉइल चालते ते आधी बघावं, आणि जुनी पॉइंटची पाटी कंडेन्सरसकट डिकीत ठेवावी. त्याचं मॉड्यूल पाटोद्याच्या रस्त्यावर गेलं, तर त्याच्यावर रस्त्यात कोणताच इलाज नाही. पाटी बदलायला मात्र एक पेचकस पुरतो.

पाटी बदलली की टायमिंग लावावं लागतं, आणि तेही त्याच बल्बने लागतं. इंजिन फिरवून पहिल्या सिलिंडरच्या दाबाच्या फेरीत पुलीवरची खूण पुस्तकात सांगितलेल्या जागी आणायची. डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करायचा, बल्बचा चिमटा अर्थला आणि सळई सीबीवर, चावी चालू. रोटर ज्या दिशेला फिरतो त्या दिशेने डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला की पॉइंट मिटतात, बल्ब विझतो. आता उलट दिशेने केसभर केसभर आणायचा. बल्ब लागला त्या जागी थांबून नट आवळायचा. आवळताना डिस्ट्रिब्युटर हमखास किंचित सरकतो, म्हणून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून बल्ब खुणेवरच लागतो का ते एकदा बघून घ्यायचं.